दोन टोकांचा हिशेब

पोरी, लेन्स घ्यायला दुकानात जाशील तेव्हा काउंटरवरचा मुलगा पहिला प्रश्न विचारेल, "किती एक्सची दाखवू?" त्याला लगेच उत्तर देऊ नकोस. उलट त्यालाच विचार, "कितीपासून कितीपर्यंतची आहे?" झूम लेन्सवर नेहमी दोन आकडे लिहिलेले असतात आणि लेन्सची सगळी कुंडली त्या दोन आकड्यांत असते. एक्स म्हणजे मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागून आलेली संख्या, बाकी काही नाही. तुझ्या कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ भागून बघ, ३ येतात. ७०-३०० ला ४ च्या थोडं वर. टॅमरॉनने २०१७ मध्ये १८-४०० काढली, तिचा भागाकार २२. आणि नांदूरमध्यमेश्वरला पहाटेपासून हातभर लांब लेन्स मांडून जी मंडळी बसलेली दिसतात, त्यांच्या १५०-६०० चा भागाकार फक्त ४. पाण्यापलीकडचा पक्षी जवळ आणण्यात ही ४ वालीच २२ वालीच्या पुढे जाते, कारण तिचं लांबचं टोक ६०० आहे आणि दुसरीचं ४००. एक्सवरून लेन्स किती फिरते ते कळतं. ती कुठून निघते आणि कुठे पोहोचते ते कळत नाही, आणि पैसे आपण त्यासाठी मोजत असतो.

आता तुझ्या कॅमेऱ्याचा मुद्दा. तुझी बॉडी क्रॉप सेन्सरची आहे. लेन्सवरचे आकडे पूर्वीच्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीला धरून समजून घ्यायची आपल्याकडे सवय आहे. ती चौकट ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ उंच. तुझा सेन्सर त्याहून लहान, म्हणून लेन्सने पाडलेल्या चित्राचा मधलाच भाग त्याच्यावर येतो, मोठ्या फोटोच्या चारी कडा कात्रीने कापून टाकल्यासारखा. त्यामुळे चौकटीपुरतं बघायचं तर तुझ्याकडे २०० ची लेन्स ३०० सारखी वागते आणि ४०० ची ६०० सारखी. निकॉन, सोनी, फुजीच्या क्रॉप बॉडीला दीडने गुणायचं, कॅननच्या क्रॉप बॉडीला १.६ ने. पक्ष्यांच्या बाजूने हा फायदाच. पण मोठ्या सेन्सरच्या लोकांची आवडती २४-७० कुणी कौतुकाने तुझ्या गळ्यात मारली, तर तुझ्याकडे ती ३६-१०५ होते. म्हणजे वाड्याच्या चौकात उभं राहिल्यावर समोरची ओसरी अर्धीच येणार. लेन्स उत्तम असेल, पण तिचं जवळचं टोक तुझ्या कामाचं उरत नाही. वापरलेल्या मालाच्या बाजारात हे फार घडतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला एक गणित पाठ करायला लावलं. तूही कर. ३६ ला लेन्सच्या आकड्याने भागायचं आणि समोरच्या गोष्टीपर्यंतच्या अंतराने गुणायचं. येईल तेवढे मीटर रुंदीचं जग तुझ्या फोटोत मावणार. क्रॉप बॉडी असेल तर आकड्याला आधी दीडने गुणून घ्यायचं. उंची त्या रुंदीच्या दोनतृतीयांश.

हे गणित नांदूरमध्यमेश्वरला लावून बघू, कारण लेन्स हवी ती मुख्यतः तिथल्यासाठी असं तू म्हणालीस. गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी इंग्रजांच्या काळात, १९०७ ते १९१३ च्या दरम्यान, बंधारा झाला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचून उथळ पाणी, बेटं आणि दलदल तयार झाली. २०२० च्या जानेवारीत ही महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून जाहीर झाली. उथळ पाणी आणि गाळ, म्हणजे पक्ष्यांना मेजवानी आणि तुझ्या पायांना मज्जाव. चापडगावच्या बाजूला काठावर किंवा मनोऱ्यावर उभी राहिलीस आणि रोहित पक्षी साठ मीटरवर चरत असला, असं धरू. रोहित उभा राहिला की साधारण सव्वा मीटर भरतो. तुझ्या १८-५५ चं लांबचं टोक म्हणजे ८२ च्या आसपास. ३६ भागिले ८२ गुणिले ६०, सव्वीस मीटर रुंदी आणि साडेसतरा उंची. एवढ्या मैदानात सव्वा मीटरचा रोहित म्हणजे गुलाबी ठिपका. २०० ची लेन्स लाव, रुंदी सात मीटरवर येते आणि रोहित चौकटीच्या उंचीचा चौथा हिस्सा व्यापतो. ४०० ला तो निम्मी चौकट भरतो. ६०० ला पाऊण. घरी बसून कागदावर एवढं मांडलंस तर दुकानात कुणी तुला भुलवू शकणार नाही.

यातून दुसरी गोष्टही दिसेल. काठावरच्या काडीवर बसणारा छोटा खंड्या जेमतेम सोळा सेंटीमीटरचा. साठ मीटरवरून तो ४०० नेही चौकटीच्या रुंदीच्या बाविसाव्या भागाएवढा येईल. त्याच्यासाठी ६०० काय, ८०० घेतलीस तरी समाधान होणार नाही. त्याच्यापासून आठ मीटरवर चवाळं पांघरून गुपचूप बसलीस तर ४०० ची लेन्स त्याला चौकटीच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा करून देते. म्हणून लेन्सचा पल्ला ठरवताना पक्षी किती दूर आहे आणि किती मोठा आहे, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारायचे. चित्रबलाक, चमचा, चक्रवाक, रोहित ही मोठी मंडळी, त्यांना मनोऱ्यावरून लांबची लेन्स चालते. खंड्या, धोबी, वटवट्या यांना चालतं फक्त बैठक मारणं.

झूमचा पक्ष्यांसाठी खरा उपयोग कुठे होतो ते ऐक. ६०० ला मोठ्या सेन्सरवरही दृश्याचा कोन सगळा मिळून चारेक अंशांचा असतो. आकाशात उडणारा चक्रवाक एवढ्या चिंचोळ्या नळीतून शोधायला गेलीस तर तो सापडेपर्यंत निफाडला पोहोचलेला असेल. म्हणून लेन्स १५० वर ठेवून पक्षी शोध, चौकटीच्या मध्यावर आण, आणि तो मध्यावर राहील असा हात फिरवत फिरवतच ६०० कडे जा. १५०-६०० चा चारपट पल्ला यासाठी आहे. हा हात बसायला वेळ लागतो. गंगाघाटावरच्या पारव्यांवर सराव कर, त्यांना वेळच वेळ असतो.

पण झूम फिरवलंस की फोकस परत घे, दर वेळी. फोटोच्या बहुतेक झूम लेन्स अशा असतात की लांबचं-जवळचं केलं की फोकस थोडा सरकतो. सिनेमाच्या भारी लेन्समध्ये तो सरकू नये अशी रचना करतात, म्हणून त्या तेवढ्या महाग आणि जड. तुझ्या लेन्सकडून ती अपेक्षा धरू नकोस.

लांब टोकाला हात हलण्याची शिक्षाही तेवढीच लांब. जुना नियम असा की शटरचा वेग एक छेद लेन्सचा आकडा एवढा तरी हवा, आणि क्रॉप बॉडीला तो आकडा दीडने गुणून. म्हणजे ४०० ला १/६०० च्या खाली हातावर जाऊ नये. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन यात सूट देतं, पण ती तुझ्या हाताच्या थरथरीला, पक्ष्याच्या पंखांना नाही. उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपास ठेव. मोटारीच्या खिडकीतून टिपायचं असेल तर जुन्या उशीच्या अभ्र्यात तांदूळ भरून शिवून घे आणि लेन्स त्याच्यावर टेकव. पक्षी मोटारीला घाबरत नाहीत, माणसाला घाबरतात.

एक गोष्ट मात्र कुठल्याच लेन्सला जिंकता येत नाही, ती म्हणजे हवा. थंडीतही ऊन वर आलं की पाण्यावरची आणि बांधावरची हवा थरथरायला लागते. मग साठ मीटरपलीकडचं सगळं पाण्याखाली असल्यासारखं लवलवतं आणि नवखी मुलं लेन्सला दोष देतात. सकाळचे पहिले दोन तास ही तिथली खरी वेळ. नंतर लांबचं टोक मिटवून ठेव आणि पाणी, बेटं, थव्यांचे फोटो जवळच्या टोकाने काढ.

आता जवळच्या टोकाकडे येतो, कारण सगळे त्याला कमी लेखतात. लांबच्या बाजूला ५५० आणि ६०० मध्ये डोळ्याला फरक दिसणार नाही. पण जवळच्या बाजूला १६ आणि २४ यांच्यात केवळ ८ मिलिमीटर असून जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मोठ्या सेन्सरवर १६ ला आडवा कोन ९७ अंशांच्या जवळ जातो, २४ ला ७४. फरक मिलिमीटरमध्ये मोजायचा नाही, किती पट झाला ते बघायचं. रंगपंचमीला तिवंधा चौकातल्या रहाडीपाशी उभी राहा म्हणजे हे कळेल. पेशवेकालीन दगडी हौद, त्यात रंगाचं पाणी, कडेने माणसांची भिंत, आणि वरून धप्पा मारणारी पोरं. तुला मागे सरकायला जागा नाही, कारण मागे भिंत किंवा माणूस. समोरची माणसं तीन मीटरवर. तुझी १८ म्हणजे २७ धर, चार मीटरचं जग मावतं. उडी मारणारा मुलगा, खालची रंगाची लाट आणि काठावरची दोन-चार तोंडं. तीच लेन्स ३५ वर नेलीस तर दोन मीटर, म्हणजे एकटा मुलगा, तोही अर्धा. अशा जागी १० ते २० च्या घरातली क्रॉप बॉडीची लेन्स सोन्यासारखी. तिचा एक्स फक्त २, आणि त्यामुळे दुकानात तिला कुणी विचारत नाही.

रहाडीपाशी लेन्स बदलायची नाही, हेही लक्षात ठेव. रंगाचं पाणी चौफेर उडतं. जी लावलीस तीच संध्याकाळपर्यंत. बॉडीला प्लास्टिकची पिशवी आणि लेन्सला हूड. आणि झूम फिरवल्यावर पुढे आलेली नळी ओली झाली असेल तर कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय आत ढकलू नकोस. ती आत जाताना अंगावरचं पाणी घेऊन जाते, आणि हेच पाणी पुढे आतल्या काचेवर बुरशी होऊन उगवतं. धुळीचंही तसंच. नळी बाहेर काढताना लेन्स हवा ओढते आणि हवेबरोबर धूळ. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरीकडच्या कच्च्या रस्त्याने फिरणार असशील तर वारंवार झूम करणं टाळ. काही लेन्सची लांबी झूम करताना बदलत नाही, सगळी हालचाल आतच होते. त्या महाग असतात, पण धुळीच्या आणि पाण्याच्या जागी काम करणाऱ्याला ते पैसे वसूल होतात.

दोन लेन्स घेणाऱ्यांना एक भीती असते: मधे फट राहिली तर? एक १८-५५, दुसरी ७०-३००, मधल्या ५५ ते ७० चं काय? काही होत नाही. दहा मीटरवरून ५५ ने काढायचा फोटो ७० सारखा हवा असेल तर आठ मीटरवर जा. दोन-तीन पावलांचं काम आहे. ही फट भरायला तिसरी लेन्स घेणं म्हणजे पैशाचा अपव्यय. जिथे चालून जाता येतं तिथे चालायचं, आणि झूमचा पल्ला राखून ठेवायचा तो पाणी, गर्दी, दरी, कडा यांच्या पलीकडच्या गोष्टींसाठी.

नवीन लेन्सचे आकडे ठरवण्याआधी तुझेच जुने फोटो उघड. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती मिलिमीटरवर काढला ते लिहिलेलं असतं. वर्षभराचे फोटो त्या आकड्याप्रमाणे लाव. बहुतेक ५५ वर अडकलेले असतील तर तुला लांबचं टोक हवं. बहुतेक १८ वर असतील तर तुझं मन रुंद चौकटीत रमतं, तुझ्या तोंडी पक्षी असले तरी. मधल्या आकड्यांवर सगळीकडे पसरलेले असतील तर अजून वर्षभर याच लेन्सवर राहा. आणि एखादी महाग लेन्स मनात भरली असेल तर घ्यायच्या आधी भाड्याने आण, शनिवार-रविवार तिच्याबरोबर काढ, दीडदोन किलोचं वजन गळ्यात घालून दिवसभर चाल. मग ठरव.

पायांची गोष्ट निघालीच आहे तर एक महत्त्वाचं सांगतो. जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकींच्या मानाने किती मोठ्या दिसतील हे लेन्स ठरवत नाही, तू कुठे उभी आहेस ते ठरवतं. त्र्यंबकेश्वराच्या देवळामागे ब्रह्मगिरी उभा आहे. देवळाच्या जवळ जाऊन १८ ने काढ, शिखर आकाशाला भिडतं आणि ब्रह्मगिरी मागे कुठेतरी टेकडीएवढा. आता गावाबाहेर जिथून दोन्ही एका ओळीत दिसतात तिथवर मागे जा आणि २०० ला कर. देऊळ चौकटीत तेवढंच ठेव. ब्रह्मगिरी आता देवळाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहतो. डोंगर मोठा केला तो तुझ्या मागे जाण्याने. झूमने फक्त कडा छाटल्या. म्हणून आधी जागा ठरवायची, मग रिंग फिरवायची. हेच माणसांना लागू. आजीचा फोटो तोंडाजवळ जाऊन १८ ने काढलास तर नाक मोठं आणि कान लहान येणार, ती रागावेल आणि बरोबरच रागावेल. अडीच-तीन मीटरवर बस, ५५ ला कर.

आमच्या पिढीला ही शिस्त आपोआप लागली, कारण आमच्याकडे झूम नव्हतंच. लग्नाच्या कामाला यशिका मॅट १२४ जी कॅमेरा असायचा. दोन लेन्स एकावर एक, पण फोटो काढणारी एकच, ८० ची, आणि ती बदलता येत नसे. वरमाला टिपायची तर तुम्ही पुढे जा, सगळं वऱ्हाड हवं तर खुर्चीवर चढा. त्याच्याही मागे गेलीस तर दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरचा जन्म, १८७० चा. १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला आणि मग बिऱ्हाड नाशकात हलवून पुढचे चित्रपट इथे केले. त्यांना नट मोठा दाखवायचा तर नट पुढे यायचा किंवा कॅमेरा. फोटोच्या ३५ मिमी कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम, फोइग्टलेंडर झूमार, ३६-८२, आली ती १९५९ मध्ये. पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथे एकदा निवांत जाऊन ये. आपल्याच मातीतल्या माणसाने एका जागी खिळलेल्या चौकटीतून काय काय उभं केलं हे कळलं की लेन्सच्या हव्यासाला आपोआप लगाम बसतो.

लेन्सवर दोन आकड्यांशेजारी आणखी एक आकडा असतो, त्याला विसरू नकोस. १:३.५-५.६ असं काहीतरी. म्हणजे जवळच्या टोकाला ॲपर्चर ३.५ पर्यंत उघडतं आणि लांबच्या टोकाला ५.६ च्या पुढे उघडत नाही. झूम करत गेलीस की गुपचूप प्रकाश अडीचपट कमी होतो. दिवसा कळत नाही. संध्याकाळी गोदाघाटावर आरतीला उभी राहिलीस की कळतं: १८ ला स्वच्छ येणारा फोटो ५५ ला हलतो. ज्या लेन्सवर फक्त २.८ असा एकच आकडा असतो ती शेवटपर्यंत तेवढीच उघडी राहते. २.८ आणि ६.३ मध्ये प्रकाशाचा फरक पाचपट. मग सगळ्याच लेन्स २.८ च्या का करत नाहीत? कारण हा आकडा म्हणजे लेन्सचा मिलिमीटरचा आकडा भागिले तिच्या उघड्या तोंडाचा व्यास. २०० भागिले २.८, ७१ मिलिमीटर. म्हणून ७०-२०० च्या तोंडावर ७७ चा फिल्टर बसतो. ६०० भागिले ६.३, ९५ मिलिमीटर. सिग्मा-टॅमरॉनच्या बहुतेक १५०-६०० लेन्सना ९५ चा फिल्टर लागतो तो यामुळे. ६०० ला २.८ करायचं तर तोंड २१४ मिलिमीटरचं होईल, परातीएवढी काच. लांब पल्ला, उजेड आणि हलकं वजन या तिघांपैकी दोनच एकावेळी मिळतात. आरतीसाठी लेन्स हवी असेल तर पल्ला लहान आणि ॲपर्चर मोठं, जसं १७-५० आणि २.८. पक्ष्यांसाठी उलट, कारण पक्षी उन्हात सापडतात.

लेन्सच्या मागे लावायच्या कन्व्हर्टरबद्दलही तुला कुणी सांगेल. १.४ चा लावला की ४०० ची ५६० होते, पण प्रकाश निम्मा. २ चा लावला की ८०० आणि प्रकाश चौथा हिस्सा. ६.३ च्या लेन्सला तो परवडत नाही, फोकस चाचपडायला लागतो. त्यापेक्षा घरी संगणकावर फोटो कापून घे. तुझ्या २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी-उंची निम्मी केलीस तरी ६ मेगापिक्सेल उरतात, भिंतीवर लावण्याजोगी छपाई होते.

तुझ्या ताईने विचारलं होतं की तो १२५ एक्सचा कॅमेरा का नको, एवढा स्वस्तात सगळं देतो. निकॉनचा पी १०००, २०१८ चा. त्याच्यावर २४-३००० लिहितात ते फिल्मच्या चौकटीच्या मानाने. खरी लेन्स ४.३ ते ५३९ ची. सेन्सर इतका लहान, तुझ्या सेन्सरच्या साधारण तेराव्या हिश्श्याचा, की तेवढीच लेन्स ३००० सारखी वागते. चंद्राचे खड्डे टिपायला, लांबून पक्षी ओळखायला तो झकास. पण लांबच्या टोकाला ॲपर्चर ८, सेन्सर लहान, आणि मधे ती थरथरणारी हवा. पहाटेच्या उजेडात त्याचे फोटो भरड येतात. तुला पक्षी ओळखायचे असते तर मीच घे म्हणालो असतो. तुला त्यांचे फोटो काढायचे आहेत. फोनचंही हेच. फोनवर दिसणारं ०.५, १, ५ म्हणजे एकमेकांशेजारी बसवलेल्या वेगवेगळ्या लेन्स. १ म्हणजे साधारण २४ ते २६. त्यांच्या मधले आकडे आणि शेवटच्या लेन्सच्या पुढचे सगळे आकडे म्हणजे कापाकापी.

आता सिंहस्थ. २०२७ ला तू असशील आणि तुझ्या वयाची सगळी मुलं कॅमेरे घेऊन घाटावर असतील. २०१५ ला शाही स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात झाली, भर पावसाळ्यात. २०२७ लाही तोच मोसम, म्हणजे रेनकव्हर आधी आणि लेन्स नंतर. नाशकात तपोवनातून वैष्णव आखाड्यांच्या मिरवणुका रामकुंडावर येतात. तिथे पोलिसांनी जी जागा दिली तीच तुझी जागा, पाऊलभरही हलता येणार नाही. शंभर मीटरवरून रामकुंड बघायचं तर तुझ्या बॉडीवर २४ ने शंभर मीटरचा घाट येतो आणि २०० ने बारा मीटरचा तुकडा. दोन्ही हवेत. म्हणून त्या दिवशी १८ ते १४० किंवा १८ ते २०० अशी एकच लेन्स लाव. कोपऱ्यात थोडी मऊ येईल, सरळ खांब कडेला थोडे वाकतील, ते नंतर सुधारता येतं. लेन्स बदलताना निसटलेला क्षण परत येत नाही. होळकर पुलावर जागा मिळाली तर मात्र ७०-३०० घे. त्र्यंबकला शैव आखाडे कुशावर्तात उतरतात, आणि कुशावर्त म्हणजे दगडी ओवऱ्यांनी वेढलेलं लहानसं कुंड. तिथे लांबची लेन्स पिशवीतून काढूच नकोस, १० ते २० ची लाव.

आणि हे मी कळकळीने सांगतो. लांबच्या लेन्सने टिपलेल्या माणसाला आपण टिपले गेलो हे कळत नाही. रामकुंडावर बायाबापड्या स्नानाला येतात, ओलेत्या असतात, भावात असतात. ज्या अंतरावरून तू त्यांच्या डोळ्याला डोळा देऊ शकत नाहीस तिथून त्यांचे चेहरे आणि अंगं ओढून आणू नकोस. घाटाची गर्दी काढ, हात काढ, दिवे काढ, आखाड्यांचे ध्वज काढ. एखादा चेहरा फार हवासा वाटला तर स्नान उरकल्यावर जवळ जा, विचार, आणि ५५ ने काढ. नाही म्हणाल्या तर नाही. पक्ष्यांच्या बाबतीत उलटं. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी असतात, तिथे ४०० पुरत नाही म्हणून जवळ सरकायचं नाही. तुझ्या लेन्सला जेवढं दिसतं तेवढंच तुझ्या वाट्याचं. घरट्यावरून उठलेलं गिधाड परत येईपर्यंत अंडं उघड्यावर पडतं.

शेवटी खरेदी. नव्याला पैसे पुरत नसतील तर वापरलेली घे, मला चालेल, पण मला बरोबर ने. नाही जमलं तर एवढं बघ. लेन्स उभी, तोंड खाली धरून हळूच हलव. झूमची नळी आपोआप घसरत खाली आली तर रिंग सैल झाली आहे, भाव पाड. मोठ्या लांब लेन्सला थोडी घसरण असते, त्यासाठीच कुलुपाचं बटण असतं, ते लागतं का बघ. रिंग एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत एकाच जोराने फिरली पाहिजे, मधे कुठे अडकली किंवा वाळू असल्यासारखी करकरली तर ठेवून दे. मागून मोबाइलची टॉर्च मारून आत डोकाव. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त मिळाली तरी नको. आपल्याकडच्या, विशेषतः त्र्यंबक-इगतपुरीकडच्या पावसाळ्यात राहिलेल्या लेन्सला हे हमखास बघायचं. मग तुझ्या बॉडीला लाव आणि दुकानाच्या बाहेर ये. रस्त्यापलीकडची एखादी पाटी शोध. जवळच्या टोकाला एक, मध्यावर एक, लांबच्या टोकाला एक, तिन्ही पूर्ण उघड्या ॲपर्चरवर. पाटीवरची अक्षरं चारही कोपऱ्यांत आण आणि मोठी करून बघ. एक कोपरा इतर तिघांपेक्षा मऊ येत असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. लांबच्या टोकाला किंचित मऊपणा बहुतेक झूममध्ये असतोच, तो ॲपर्चर एक-दोन स्टॉप बंद केल्यावर जातो का बघ. गेला तर घे. दुकानदार घाई करेल, तरी पाटीचे फोटो पूर्ण झाल्याशिवाय पैसे देऊ नकोस, आणि पावतीवर लेन्सचा नंबर लिहून घे.